कोर्ट एक, माणसं तीन: बॉस्टनमध्ये पकडलेले पळून आलेले गुलाम

चार्ल्सकाठ:

गेल्या महिन्यात ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं. इकडचं नागरिकत्व घेतलं की ते आज ना उद्या येतंच. सकाळी आठला जाऊन एका मोठ्या खोलीत बसायचं, नंबर पुकारला तर आत, नाहीतर दिवस भरला की घरी. माझा नंबर आला नाही. दुपारच्या सुट्टीत पोळीभाजीचा डबा घेऊन बाहेर पडलो आणि चालत कोर्ट स्क्वेअरला गेलो. नाव स्क्वेअर, पण जागा आपल्याकडच्या बोळाएवढी. कबुतरं, उभे केलेले दोन ट्रक, सिगारेट ओढणारे चार जण. एके काळी इथे करड्या ग्रॅनाइटचं कोर्ट होतं.

१८५१ ते १८५४ या काळात दक्षिणेतून पळून आलेल्या तीन माणसांना त्या इमारतीत आणलं गेलं. शॅड्रक मिन्किन्स, टॉमस सिम्स आणि अँथनी बर्न्स. तिघांवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, डबा खाता खाता मुहूर्त लागला.

आधी कायदा. अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही. 'सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती' असा सोवळ्यातला शब्दप्रयोग आहे, आणि अशी व्यक्ती दुसऱ्या राज्यात पळाली तर हक्क सांगणाऱ्याच्या हवाली करावी असं कलम आहे. त्यावर १७९३ साली कायदा झाला, पण उत्तरेकडची राज्यं तो फारसा मनावर घेत नव्हती. म्हणून १८५० साली दक्षिणेने नवा, कडक कायदा करून घेतला. राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी सप्टेंबरमध्ये सही केली.

या कायद्याची कलमं एकदा वाचावीत अशी आहेत. पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही. त्याची स्वतःची साक्ष पुराव्यात घ्यायची नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं. निवाडा न्यायाधीशानेच करावा असंही नाही, केंद्राने नेमलेला कमिशनर पुरे. मालकाने आपल्या राज्यातल्या कोर्टातून 'अमुक माझा गुलाम, तो पळाला' असा कागद आणला की त्या दोन्ही गोष्टी सिद्धच धरायच्या. मग कमिशनरसमोर प्रश्न उरतो एकच: कागदातला माणूस तो हाच का? आणि फी! माणूस परत पाठवला तर कमिशनरला १० डॉलर, सोडला तर ५. समर्थन काय, तर परत पाठवताना कागदपत्रं जास्त करावी लागतात. पळालेल्याला मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. मार्शलने (केंद्राच्या पोलीस अधिकाऱ्याने) हाक मारली तर रस्त्यावरच्या माणसानेही पकडायला मदत करायची.

मिन्किन्स व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून आलेला, एका कॉफी हाउसमध्ये वेटर. १५ फेब्रुवारी १८५१ ला दोन माणसं आली, कॉफी मागवली आणि कॉफी आणणाऱ्यालाच धरलं. त्याच दिवशी कोर्टात उभा. वकिलांनी तयारीला मुदत मागितली, ती मिळाली. लोक बाहेर पडायला लागले तेव्हा दार उघडलं, आणि त्या उघड्या दारातून काळ्या माणसांचा एक जमाव आत घुसला. दोन-चार मिनिटांत मिन्किन्सला उचलून बाहेर नेलं. पुढारी होता लुइस हेडन, कपड्यांचा दुकानदार, स्वतः केंटकीहून पळून आलेला. मिन्किन्स माँट्रियलला पोचला आणि तिथेच राहिला.

वॉशिंग्टनला हे फार झोंबलं. म्हणून एप्रिलमध्ये जॉर्जियातून पळालेला सिम्स सापडला तेव्हा कोर्टाच्या इमारतीभोवती लोखंडी साखळ्या लावल्या. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ हे मोठं नाव, आजही कायद्याची मुलं त्यांचे निकाल वाचतात. आपल्याच कोर्टात जाताना त्यांना त्या साखळीखालून वाकून जावं लागलं. आत जाऊन त्यांनी सिम्सचा हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद बेकायदा आहे, सोडा असा, अर्ज फेटाळला. कायदा घटनेला धरून आहे, आमचे हात बांधलेले आहेत. १२ एप्रिलला उजाडायच्या आत सुमारे तीनशे पोलिसांच्या गराड्यात सिम्सला गोदीवर नेलं. सव्हानामध्ये त्याला भर चौकात ३९ फटके मारले.

बर्न्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

बर्न्स १८५४ च्या सुरुवातीला रिचमंडहून जहाजात लपून बॉस्टनला आला. त्याला लिहितावाचता येत होतं. त्याने भावाला पत्र लिहिलं, ते पत्र मालकाच्या हाती पडलं, पत्ता कळला. २४ मेच्या संध्याकाळी त्याला रस्त्यात धरलं, ते दागिन्यांच्या दुकानातल्या चोरीच्या खोट्या आरोपाखाली. कोर्टाच्या वरच्या खोलीत नेलं तर समोर मालक चार्ल्स सटल उभा. सटलने वाकून 'कसं काय, मिस्टर बर्न्स' असं विचारलं, दोघांचं चार वाक्यं बोलणं झालं. त्या बोलण्यात बर्न्सने त्याला 'मास्टर' म्हटलं. सवयीने, भीतीने, कशानेही असेल.

दोन दिवसांनी रात्री लोकांनी लाकडी ओंडक्याने कोर्टाचं दार फोडायचा प्रयत्न केला. झटापटीत जेम्स बॅचेल्डर नावाचा एक पहारेकरी मेला, बर्न्स आतच राहिला. मग सुनावणी. कमिशनर एडवर्ड लॉरिंग, बर्न्सचे वकील रिचर्ड हेन्री डेना. मालकाचा साक्षीदार शपथेवर म्हणाला की बर्न्सला मी मार्चच्या उत्तरार्धातही रिचमंडमध्ये पाहिलंय. डेनांनी उलट साक्षीदार आणले, एक नाही, बरेच. त्यांनी सांगितलं की हा माणूस मार्चच्या सुरुवातीलाच बॉस्टनमध्ये आमच्याबरोबर काम करत होता. म्हणजे कागदातला माणूस हा नव्हेच! कुठलंही साधं कोर्ट इथे थबकलं असतं.

लॉरिंग काय म्हणाले? साक्षी परस्परविरोधी आहेत, तेव्हा मी त्या पहिल्या रात्रीच्या संभाषणाकडे पाहतो. त्यात या माणसाने सटलला मालक म्हणून ओळखलं. म्हणजे ओळख पटली.

ज्या माणसाची साक्ष कायद्याने ऐकायचीच नाही, त्याच्याच तोंडचे, अटकेतले, रात्री उच्चारलेले शब्द त्याच्याविरुद्ध पुरावा ठरले. तो स्वतःसाठी बोलला तर ते ऐकू येत नाही, स्वतःविरुद्ध बोलला तर स्पष्ट ऐकू येतं.

२ जूनला त्याला बंदरावर नेलं. सैन्य, मरीन, तोफ, रस्त्याच्या दुतर्फा अंदाजे पन्नास हजार माणसं, खिडक्यांवर काळी कापडं, एके ठिकाणी दोरीला टांगलेली शवपेटी आणि तिच्यावर लिहिलेलं 'स्वातंत्र्य'. एका माणसाला परत पाठवायला सुमारे ४०,००० डॉलर खर्च आला असं म्हणतात. त्याला विकत घ्यायला लागणार होते १,२००, आणि ते पैसे बॉस्टनमधले पाद्री लेनर्ड ग्राइम्स यांनी जमवलेही होते. सरकारी वकिलाने तो व्यवहार होऊ दिला नाही. पुढच्या वर्षी ग्राइम्स आणि त्यांच्या मंडळींनी १,३०० देऊन त्याला सोडवलंच.

मला शॉ आणि लॉरिंग खलनायक वाटत नाहीत, आणि तेच टोचतं. सभ्य, विद्वान, गुलामगिरी मनातून न आवडणारी माणसं होती. तुम्हाला काय वाटतं?

---

मुक्ताई_क:

एका दमात वाचलं. 'मास्टर' या एका शब्दावर निकाल, हे वाचून अंगावर काटा आला. बर्न्सचं पुढे काय झालं?

---

चार्ल्सकाठ:

मुक्ताई, तो ओबर्लिनला शिकला आणि कॅनडात सेंट कॅथरिन्स गावी काळ्या लोकांच्या चर्चमध्ये पाद्री झाला. १८६२ मध्ये वारला. तिशीही ओलांडली नव्हती.

---

खडूस:

लेख चांगला. शीर्षक लांबलचक. 'फरारी गुलाम' म्हणा की सरळ.

---

शरयू_जोग:

खडूस, मला उलट 'फरारी' नसल्याचं बरं वाटलं. फरारी असतो तो आरोपी, पोलिसांच्या यादीतला. 'पळपुटा' म्हटलं तर भित्रा. पळून जायला ज्याला वाघाचं काळीज लागतं त्याला पळपुटा कसं म्हणणार? आपल्या भाषेत या माणसाला धड शब्द नाही.

---

निवृत्त_वकीलकाका:

छत्तीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली केली, म्हणून दोन शब्द.

लॉरिंग यांच्यावर आपण थोडा अन्याय करता असे वाटते. 'साक्ष' वेगळी आणि 'कबुली' वेगळी. पक्षकाराला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे करता येत नाही, परंतु त्याने बाहेर केलेले विधान त्याच्याविरुद्ध वाचता येते, हा इंग्रजी पुराव्याच्या कायद्यातला जुना नियम आहे. त्या काळी साध्या दिवाणी दाव्यातही पक्षकाराला स्वतःची साक्ष देता येत नसे. तेव्हा लॉरिंग यांनी नियम मोडला असे म्हणता येणार नाही.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. अटकेत असलेल्या, वकील नसलेल्या, सशस्त्र माणसांनी घेरलेल्या इसमाचे विधान 'स्वेच्छेचे' कसे मानले? आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वाचायला मनाईच केली. ज्याने ते कलम लिहिले त्याला कोठडीतले वातावरण ठाऊक होते. डेना यांनी हा मुद्दा मांडला होता काय?

---

चार्ल्सकाठ:

काका, साक्ष-कबुलीचा फरक मान्य, माझ्या लिहिण्यात तो नीट आला नाही. हो, डेनांनी मांडला: घाबरलेल्या माणसाचे शब्द आहेत, त्यांवर विसंबू नका. शिवाय असं की ते संभाषण मालकाच्याच साक्षीदाराने सांगितलं, आणि तारखेच्या बाबतीत ज्याच्या साक्षीला डझनभर माणसांनी छेद दिला तो साक्षीदारही तोच. त्याची एक अर्धी बाजूला ठेवली आणि दुसरी अर्धी प्रमाण मानली.

लॉरिंगना हे महागात पडलं. ते राज्याच्या प्रोबेट (मृत्युपत्रं-वारसा पाहणाऱ्या) कोर्टात न्यायाधीशही होते. लोकांनी अर्जांवर अर्ज करून १८५८ साली त्यांना त्या पदावरून काढायला लावलं. लगेच राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी वॉशिंग्टनला दुसऱ्या कोर्टात बसवलं, ते वेगळं.

---

तिरकस:

१० डॉलर आणि ५ डॉलर! आमच्याकडे दाखल्याला एक दर आणि 'लवकर' दाखल्याला वेगळा दर असतो, त्याचे पूर्वज सापडले. :)

---

केळशीकर:

धागा आवडला, पण एक सांगतो. इंग्लंडमध्ये हा प्रश्न १७७२ सालीच मिटला होता. सॉमरसेट खटला. इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवला की गुलाम मुक्त. मग ऐंशी वर्षांनी अमेरिकेने हे काय चालवलं होतं?

---

चार्ल्सकाठ:

केळशीकर, असं सर्रास सांगितलं जातं, पण निकाल इतका मोठा नव्हता. जेम्स सॉमरसेटला त्याच्या मालकाने बॉस्टनहूनच लंडनला आणलं होतं (बॉस्टन काही पाठ सोडत नाही). १७७१ मध्ये तो पळाला, पकडला गेला, आणि जमैकाला विकण्यासाठी त्याला बेड्या घालून जहाजावर ठेवलं. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डनी ठरवलं ते एवढंच की मालकाला त्याला जबरदस्तीने देशाबाहेर नेता येणार नाही. गुलामगिरी इतकी ओंगळ गोष्ट आहे की ती फक्त स्पष्ट लिहिलेल्या कायद्यावरच उभी राहू शकते, आणि इंग्लंडमध्ये तसा कायदा नाही, हा त्यांचा तर्क. बाकी सगळं त्यांनी शिताफीने टाळलं. आधी तर ते दोन्ही बाजूंना सांगत होते की आपसात मिटवा. त्यांच्या स्वतःच्या घरात डायडो बेल ही त्यांच्या भाच्याची, गुलाम आईच्या पोटी जन्मलेली मुलगी वाढत होती, तरीही.

आता गंमत बघा. 'फक्त लिहिलेल्या कायद्यावरच' हे वाक्य इंग्लंडमध्ये सॉमरसेटला सोडवतं. तेच वाक्य घेऊन बॉस्टनमध्ये शॉ म्हणणार: आमच्याकडे आहे की लिहिलेला कायदा!

शॉ यांनीच १८३६ साली 'मेड' नावाच्या एका लहान मुलीला मोकळं केलं होतं. मालकीण स्वतःहून तिला बॉस्टनला घेऊन आली होती, म्हणून. ती पळून आली असती तर परत गेली असती.

---

मुक्ताई_क:

थांबा. म्हणजे मालकाने आणलं तर मुक्त, आणि स्वतःच्या पायांनी आली तर गुलाम?

---

चार्ल्सकाठ:

हो. घटनेतलं कलम फक्त 'पळालेल्या'साठी होतं.

---

निवृत्त_वकीलकाका:

मुक्ताई यांच्या प्रश्नात सगळे आले. परंतु मी विचारतो, न्यायाधीशाने करावे तरी काय? कायदा पटत नाही म्हणून तो बाजूला सारला, तर उद्या दुसरा न्यायाधीश मला पटणारा कायदा बाजूला सारील. फार तर राजीनामा द्यावा. राजीनामा दिला की त्या खुर्चीवर कोण बसणार, हेही पाहावे लागते. मी स्वतः अशा खुर्चीसमोर आयुष्य घालवले आहे. सहृदय न्यायाधीश वाईट कायदा वापरताना खाली मान घालून निकाल वाचतो, तेव्हा त्याच्यावर दगड मारणे मला जमत नाही.

---

शरयू_जोग:

काका, आदर राखून म्हणते, ज्याला जहाजात कोंबून परत नेलं त्याला न्यायाधीशाची मान खाली होती की वर, याने काय फरक पडला?

---

चार्ल्सकाठ:

काका, दुसरं काहीतरी करणारे न्यायाधीशही होते म्हणून सांगतो. १८५४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जोशुआ ग्लोव्हर नावाच्या माणसाला लोकांनी तुरुंग फोडून सोडवलं. त्या प्रकरणात शर्मन बूथ या संपादकावर खटला झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चक्क जाहीर केलं की १८५० चा कायदा घटनाबाह्य आहे आणि बूथला सोडा. पाच वर्षांनी केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल उलटवला. लिहिणारे मुख्य न्यायाधीश टॅनी, ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या माणसाला गोऱ्याने मानावेत असे कुठलेही हक्क नाहीत म्हणणारे तेच. तेव्हा तुमचाही मुद्दा खरा ठरला: खालच्या कोर्टाचं बंड वर टिकलं नाही. पण ग्लोव्हर तोवर कॅनडात पोचला होता.

त्यापेक्षा मजेदार वाट केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्टोरींच्या एका निकालातून निघाली. १८४२, प्रिग खटला. मार्गरेट मॉर्गन ही बाई मेरीलंडमध्ये जवळपास मुक्तच राहत होती, लग्न करून पेन्सिल्वेनियात आली, तिथे तिला मूल झालं. जुन्या मालकाच्या वारसाने माणसं पाठवून तिला मुलांसकट उचलून नेलं. पेन्सिल्वेनियाने त्या माणसांतल्या प्रिगवर अपहरणाचा खटला भरला, स्टोरींनी तो रद्द केला. मात्र निकालात एक वाक्य घातलं: हा कायदा केंद्राचा, राबवायचा तो केंद्राने, राज्याच्या अधिकाऱ्यांवर सक्ती नाही. उत्तरेकडच्या राज्यांनी ते वाक्य उचललं आणि कायदे केले की आमचे तुरुंग, आमचे पोलीस या कामाला मिळणार नाहीत. मार्गरेट आणि तिच्या मुलांना त्याचा काही उपयोग झाला नाही. बिचारी.

---

नाना_नऊवारे:

ज्युरीबद्दल काहीच नाही? सुरुवात तर ज्युरी ड्यूटीने केलीत!

---

चार्ल्सकाठ:

नाना, बरोबर पकडलंत. पळालेल्याला ज्युरी नव्हती, पण त्याला पळवणाऱ्यांवर फौजदारी खटले व्हायचे आणि त्यांना ज्युरी मिळायची. इथे सरकारची पार फजिती झाली.

मिन्किन्सला पळवल्याबद्दल हेडन आणि इतरांवर खटले चालले, शिक्षा एकालाही झाली नाही. डेनांनी सांगितलेली गोष्ट अशी: एका खटल्यात ज्युरीचं एकमत होईना, अडलं. पुढे एक माणूस भेटून त्यांना म्हणाला, त्या ज्युरीत मी होतो. आणि शॅड्रकला गाडीत घालून पुढे पोचवणाराही मीच होतो!

दुसरी ख्रिस्टियानाची. पेन्सिल्वेनियातलं खेडं, ११ सप्टेंबर १८५१. मेरीलंडचा मालक एडवर्ड गॉर्सच आपले पळालेले गुलाम न्यायला पहाटे मार्शलसकट आला. ज्या घरात ते होते ते विल्यम पार्करचं, तोही पळून आलेला. त्याच्या बायकोने शिंग फुंकलं, आसपासची माणसं जमली, गोळीबार झाला, गॉर्सच ठार. सरकारने ३८ जणांवर आरोप ठेवला तो खुनाचा नाही, तर देशद्रोहाचा. पहिला खटला कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या पिठाच्या गिरणीवाल्यावर. त्याचा गुन्हा काय, तर मार्शलने 'मदत कर' म्हटल्यावर नाही म्हणाला. खटला चालला फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलमध्ये, जिथे खाली तळमजल्यावर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. ज्युरी आत गेली आणि पंधरा मिनिटांत 'निर्दोष' घेऊन बाहेर आली. बाकीचे खटले बारगळले. पार्कर कॅनडात निसटला, वाटेत रॉचेस्टरला गुलामगिरीविरोधी पुढारी फ्रेडरिक डग्लस यांच्या घरी थांबून. निरोप घेताना त्याने गॉर्सचचं पिस्तूल डग्लसना भेट दिलं.

त्या प्रतीक्षेच्या खोलीत बसून मी हेच घोळवत होतो. माझा नंबर कधी पुकारला तर साधा गाडी ठोकल्याचा खटला असेल, तो भाग सोडा.

---

नाना_नऊवारे:

जमलं! पण ज्युरीचं फार कौतुक नको. आम्ही मुंबईकर नानावटी विसरलेलो नाही. १९५९, आठ विरुद्ध एक, निर्दोष. हायकोर्टाने तो निकाल धुडकावला आणि नंतर ज्युरीच हळूहळू गेली. ज्युरी गावाचं मन बोलते. गाव चांगलं तर ज्युरी चांगली.

---

शरयू_जोग:

नाना +१. ख्रिस्टियानाचा खटला मेरीलंडमध्ये चालला असता तर पंधरा मिनिटांतच फाशी झाली असती.

---

अस्मिता_ठाणे:

मार्गरेट गार्नरचा उल्लेख नाही, म्हणून लिहितेय. जानेवारी १८५६, कडाक्याची थंडी, ओहायो नदी गोठलेली. मार्गरेट, तिचा नवरा, चार मुलं आणि सासू-सासरे रात्री बर्फावरून चालत केंटकीतून सिनसिनाटीला आले. काही तासांत घराला वेढा पडला. दार फुटतंय असं दिसल्यावर तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. बाकीच्यांनाही मारणार होती, तेवढ्यात धरली.

मग कोर्टात काय वाद झाला असेल? तिचे वकील जॉन जॉलिफ म्हणत होते, हिच्यावर खुनाचा खटला चालवा! ओहायोच्या कोर्टात खुनाचा आरोप चालला असता तर ती 'व्यक्ती' ठरली असती, ओहायोत राहिली असती, निदान गुलामीत परत गेली नसती. मालकाची बाजू म्हणत होती, कसला खून, ही आमची मालमत्ता आहे, परत द्या. वकील आपल्या अशिलासाठी खुनाचा खटला मागतोय! राज्याचा शेरीफ वॉरंट घेऊन उभा, केंद्राचा मार्शल तिला सोडेना. शेवटी केंद्राचाच शब्द खरा ठरला, फेब्रुवारीअखेर तिला नदीपलीकडे पाठवलं. तिथून आणखी दक्षिणेला नेताना बोटीला अपघात होऊन तिचं तान्हं मूलही गेलं. १८५८ मध्ये विषमज्वराने ती गेली.

मी दोन मुलांची आई आहे. यावर काही मत द्यायची माझी तयारी नाही.

---

मुक्ताई_क:

...

---

निवृत्त_वकीलकाका:

हे प्रकरण मला ठाऊक नव्हते. अशिलाला फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात स्वतःहून ढकलणारा वकील मी पाहिला नाही. आज रात्री झोप लागणार नाही.

---

खडूस:

सगळं ठीक, पण आपल्याकडचं कोण लिहिणार? पेशवाईत कुणबिणी विकत घेतल्याचे कागद ढिगाने आहेत. की गुलामगिरी फक्त अमेरिकेत होती?

---

चार्ल्सकाठ:

खडूस, कुणबिणी-बटकींवर स्वतंत्र धागा हवा, तुम्हीच काढा. मी कोर्टापुरतं बोलतो. १८३३ च्या ब्रिटिश मुक्तीच्या कायद्यातून कंपनीचा हिंदुस्थान वगळला होता. इथे १८४३ चा पाचवा कायदा आला. त्यात 'गुलामगिरी बंद' असं वाक्य शोधून सापडणार नाही. त्यात म्हटलंय ते असं की, अमुक माणूस माझा गुलाम आहे या हक्काची अंमलबजावणी कुठलंही कोर्ट किंवा अधिकारी करणार नाही. म्हणजे दासी पळाली आणि मालक कचेरीत आला, तर मामलेदाराने त्याला आल्या पावली परत पाठवायचं. माणूस विकत घेणं हा गुन्हा ठरला तो पुढे दंडसंहितेत, कलम ३७०.

सात वर्षांच्या अंतराने दोन कायदे. एकीकडे मालकाच्या मदतीला कोर्ट, मार्शल आणि रस्त्यावरचा माणूस, तिघेही जुंपले. दुसरीकडे कोर्टाने फक्त दार लावून घेतलं. प्रत्यक्षात कर्ज, भूक आणि जात यांनी माणसं बांधून ठेवलीच होती, तेव्हा दार लावल्याने किती सुटल्या हा प्रश्न उरतोच.

---

गोदाकाठ:

नाशिककर हजर! आमच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांनाही माहीत नसतं म्हणून: १८६० च्या दशकात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं, आणि त्यातली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जायची. त्यातली बरीच शरणपूरच्या ख्रिस्ती मिशनमध्ये वाढली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो नाशिकचाच विद्यार्थी. झाडावर लिव्हिंग्स्टनचं नाव कोरणारा तोच, आणि शवाबरोबर इंग्लंडपर्यंत जाणाराही तोच. १८७४-७५ मध्ये बरीच मंडळी मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला परत गेली. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर, त्यांच्या नावाचं गाव.

---

चार्ल्सकाठ:

गोदाकाठ, क्या बात! आणि बघा, त्याच १८७५ साली ब्रिटिश आरमाराने आपल्या कप्तानांना परिपत्रक काढलं की जहाजावर आश्रयाला आलेला पळून आलेला गुलाम ठेवून घेऊ नका, परत करा. इंग्लंडमध्ये इतका गदारोळ झाला की ते मागे घ्यावं लागलं आणि वर रॉयल कमिशन नेमावं लागलं. गलबत पकडून मुक्त करणारंही तेच आरमार.

---

केळशीकर:

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, हे इथे कोणीच कसं म्हटलं नाही? निग्रोंची गुलामी मोडणाऱ्यांचं कौतुक म्हणून. पुण्यात बसून त्यांनी हे सगळं वाचलेलं होतं.

---

तिरकस:

कॅनडात गेले की सुटले ना पण सगळे? तिकडचं कोर्ट तरी सरळ असेल.

---

चार्ल्सकाठ:

तिरकस, बहुतेक वेळा सरळ. १८३३ मध्ये डेट्रॉइटच्या तुरुंगातून सुटून गेलेल्या थॉर्नटन आणि लूसी ब्लॅकबर्नला परत द्यायला तिथल्या सरकारने नकार दिला. थॉर्नटनने पुढे टोरोंटोतली पहिली भाड्याची घोडागाडी काढली. पण जॉन अँडरसनचं प्रकरण बघा. मिसूरीतून पळताना अडवायला आलेल्या माणसाला त्याने भोसकलं होतं. अमेरिकेने 'खुनी' म्हणून मागितला आणि टोरोंटोच्या क्वीन्स बेंच या कोर्टाने १८६० च्या डिसेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मतांनी 'द्या परत' म्हटलं. लोक खवळले. फेब्रुवारी १८६१ मध्ये दुसऱ्या कोर्टाने त्याला सोडलं, तेही वॉरंटच्या मसुद्यात चूक आहे म्हणून! काकांना हे आवडेल.

---

निवृत्त_वकीलकाका:

मसुद्यातली चूक ही वकिलाची कुलदेवता आहे. न्यायाधीशाला सोडायचे असले की ती बरोबर सापडते. (यावरून शरयूताई मला म्हणतील, मग शॉ यांना का नाही सापडली. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.)

---

शरयू_जोग:

काका, मी काही म्हणणार नव्हते. :) पण साखळीखालून वाकणारे शॉ आणि फटके खाल्लेला सिम्स, यातल्या सिम्सचं पुढे काय झालं ते लेखात राहिलं.

---

चार्ल्सकाठ:

राहिलंच खरं. सिम्स पुढे मिसिसिपीत विकला गेला. १८६३ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत व्हिक्सबर्गहून परत निसटला आणि सरळ बॉस्टनला आला.

१८५१ मध्ये त्याला जहाजावर चढवण्याची जबाबदारी ज्या मार्शलवर होती त्याचं नाव चार्ल्स डेव्हन्स. त्याने काम केलं, पण ते त्याला जन्मभर खुपत राहिलं. सिम्सला विकत घेऊन सोडवायला पैसे द्यायलाही तो तयार होता. युद्धात उत्तरेकडून जनरल झाला, मग न्यायाधीश, आणि १८७७ मध्ये थेट अमेरिकेचा ॲटर्नी जनरल. त्याच साली त्याने सिम्सला वॉशिंग्टनला न्याय खात्यात नोकरी दिली.

---

निवृत्त_वकीलकाका:

दोघे एकाच कचेरीत?

---

चार्ल्सकाठ:

हो काका, एकाच खात्यात.